संकटात युनियनची ‘आपली माणसं’ कोण?

१९९८च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियातल्या उल्सान शहरात ह्युंदाई मोटरच्या कामगारांनी ३६ दिवस संप करून कारखाना धरून ठेवला होता. आदल्या वर्षी आशियाई देशांची चलनं एकामागून एक कोसळली होती, डिसेंबरात सरकारनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतलं होतं आणि फेब्रुवारीत कामगारकपातीला मोकळीक देणारा कायदा झाला होता. कंपनीला हजारोंनी माणसं कमी करायची होती. कामगार बायकापोरांसह आवारात तंबू ठोकून बसले. एवढ्या माणसांच्या जेवणाचं बघितलं ते कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या बायकांनी. त्या नुसत्या मदतीला आलेल्या नव्हत्या. त्याही युनियनच्या सभासद होत्या, संपात होत्या. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि हजारोंचा आकडा २७७ वर आला. पुढाऱ्यांना हा मोठा विजय वाटला असेल तर त्यात नवल नाही. पण त्या २७७ नावांत निम्म्याहून जास्त नावं कॅन्टीनमधल्या बायकांची होती.

या प्रसंगापाशी मी पुन्हा पुन्हा येतो, कारण त्यात कुणीही खलनायक नाही. पुढारी विकले गेले नव्हते. बाहेर पोलीस उभे, आत थकलेली माणसं, वर सरकारचा दबाव आणि समोर एक आकडा, जो कुणाच्या तरी नावांनी भरायचाच होता. अशा वेळी पेन आपोआप त्या नावांकडे वळतं, ज्यांचा आवाज बैठकीत सगळ्यांत कमी ऐकू येतो. उल्सानला त्या कॅन्टीनमधल्या बायका होत्या. दुसरीकडे ते कंत्राटी असतात, हंगामी असतात, नुकतेच लागलेले तरुण असतात, दुसऱ्या देशातून आलेले असतात. माझं म्हणणं असं आहे की मंदीत युनियनची खरी कसोटी मालकासमोर लागतच नाही. ती लागते आपल्याच बैठकीत, ‘आपली माणसं’ कोण हे ठरवताना. तिथे चुकलेली युनियन मालकाशी कितीही जोरात लढली तरी पुढची मंदी येईपर्यंत आतून पोखरलेली असते.

कपात प्रत्यक्षात कशी होते ते बघा. नोटीस बोर्डावर यादी लागते ती शेवटी. त्याच्या कितीतरी आधी, गाजावाजा न होता, पहिली फळी निघून गेलेली असते. मुदतीच्या करारावरच्या माणसाला कुणी ‘काढत’ नाही, त्याची मुदत फक्त वाढवली जात नाही. कंत्राटदाराच्या माणसाला तर कंपनीनं कधी घेतलेलंच नसतं, त्यामुळे काढायचा प्रश्नच येत नाही. सोमवारी सकाळी तो गेटवर कार्ड लावतो आणि गेट उघडत नाही. सुरक्षारक्षक म्हणतो, कंत्राटदाराला फोन कर. कंत्राटदार म्हणतो, नवी ऑर्डर आली की सांगतो. त्याचे सेफ्टी शूज आत लॉकरमध्येच राहतात. महिन्याभरानं कंपनी निवेदन काढते की आम्ही एकाही कर्मचाऱ्याला कमी केलेलं नाही, आणि ते कागदोपत्री खरं असतं. दुःख याचं आहे की अनेकदा त्याच आठवड्यात युनियनचंही पत्रक निघतं आणि त्यातही तेच वाक्य असतं.

मंदीच्या दिवसांतल्या अशा एका बैठकीला मी बसलो होतो. विषय होता पाळ्या कमी करण्याचा. आपल्याबद्दल काहीतरी ठरणार आहे असं कानावर आलं म्हणून कंत्राटी विभागातली दोन मुलं दाराशी येऊन उभी राहिली होती. कुणी त्यांना हाकललं नाही, पण ‘या, बसा’ असंही कुणी म्हटलं नाही. शेवटी त्यांच्यातल्या एकानं विचारलं, तेव्हा सचिव अगदी मवाळपणे म्हणाले, “अरे बाबा, तुमचा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही.” ते खोटं बोलत नव्हते. करारात त्या मुलांचा उल्लेख नव्हता, सभासदांच्या रजिस्टरमध्ये त्यांची नावं नव्हती. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा.

जपानमध्ये असं किती जणांबाबत चाललं होतं हे २००८च्या शेवटच्या दिवशी सगळ्या देशाला दिसलं. २००४ पासून तिथे कारखान्यांना एजन्सीमार्फत कामगार घ्यायची परवानगी मिळाली होती. अनेकांच्या राहण्याची सोयही एजन्सीच्या किंवा कंपनीच्या वसतिगृहात असे. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक बुडाली, निर्यात आटली आणि या माणसांचं काम गेलं. कामाबरोबर डोक्यावरचं छप्परही गेलं, तेही ऐन हिवाळ्यात, वर्षअखेरीच्या सुट्ट्यांमध्ये, जेव्हा सरकारी कचेऱ्या बंद असतात. ३१ डिसेंबरला टोकियोच्या हिबिया बागेत तंबू उभे राहिले. ही बाग कामगार मंत्रालयाच्या अगदी समोर आहे. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि कामगार संघटना यांनी मिळून ते केलं होतं. माकोतो युआसा त्या तंबूगावाचे प्रमुख होते. पाचशेच्या आसपास माणसं आली. तंबू पुरेनात तेव्हा २ जानेवारीच्या रात्री मंत्रालयानं आपलं सभागृह उघडून दिलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे तिन्ही राष्ट्रीय कामगार महासंघ त्या काही दिवसांत एका कामाला लागले होते.

तंबू पाच-सहा दिवसांचेच होते, पण त्यांनी प्रश्न डोळ्यांसमोर आणला. पुढे २०१२ मध्ये रोजंदारीनं माणसं पुरवण्यावर कायद्यानं बहुतांशी बंदी आली. मला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. तिथे आलेल्या बहुतेकांकडे कुठल्याही युनियनचं सभासदत्व नव्हतं, तरी संघटनांनी त्यांना ‘आपलं’ मानलं. अर्थात हे सगळं कामं गेल्यानंतर झालं. हीच माणसं कारखान्यात होती तेव्हा तिथली कंपनीनिहाय युनियन कायम कामगारांपुरतीच चालत होती.

आपल्या भाषेत म्हण आहे, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. कायम कामगार हसतो असं मी म्हणणार नाही, तोही घाबरलेलाच असतो. पण आपण सुपात आहोत आणि ते जात्यात आहेत, एवढा दिलासा तो स्वतःला देत असतो. कंत्राटी माणसं म्हणजे आपल्याभोवतीची उशी, धक्का आधी त्यांना बसेल, असा हा हिशेब. तो एका मंदीपुरता बरोबरही ठरतो. मंदी ओसरल्यावर काय होतं ते मात्र कुणी मांडून बघत नाही. ऑर्डरी परत येतात, माणसं लागतात आणि कंपनी भरती करते ती पुन्हा उशीचीच, कारण ती किती सोयीची असते हे तिनं नुकतंच पाहिलेलं असतं. निवृत्त होणाऱ्या कायम माणसाची जागा कायम माणसानं भरली जात नाही. दहा वर्षांनी पुढची मंदी येते तेव्हा कारखान्यात कायम कामगार अल्पमतात गेलेला असतो. मग संप केला तरी उत्पादन थांबत नाही.

ह्युंदाईतच पुढे हे घडलं. १९९८चा घाव खाल्लेल्या युनियननं २००० साली कंपनीशी करार केला. कायम कामगारांच्या नोकरीची हमी मिळाली आणि त्या बदल्यात कारखान्याच्या आत १६.९ टक्क्यांपर्यंत कंत्राटी कामगार ठेवायला मान्यता दिली गेली. ती मर्यादाही पुढे पाळली गेली नाही. गाडीचं उजवं चाक कायम कामगार बसवतो आणि डावं कंत्राटी, काम एकच, पगार वेगळा, असं तिथल्या परिस्थितीचं वर्णन होऊ लागलं. शेवटी २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असं दोन वर्षांहून जास्त काम केलेला माणूस मूळ कंपनीचाच कामगार समजला पाहिजे. त्या वर्षी नोव्हेंबरात कंत्राटी कामगारांनी उल्सानमधला एक विभाग २५ दिवस ताब्यात ठेवला. बारा वर्षांपूर्वी ज्या आवारात सगळे एकत्र बसले होते, तिथे आता ते एकटे बसले होते.

अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या युनियननं वेगळ्या वाटेनं तीच चूक केली. २००७ मध्ये डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या मोटार कंपन्या (जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर) डबघाईला आल्या होत्या. जुन्या सभासदांचे पगार वाचवायचे म्हणून युनियननं मान्य केलं की यापुढे लागणाऱ्यांना जवळपास निम्म्या दरानं घ्यावं. त्या दिवशी हे सगळ्यांना पटण्यासारखंच होतं, कारण ज्यांचा पगार निम्मा होणार होता ते मतदानाला नव्हतेच, ते अजून नोकरीलाच लागले नव्हते. दोन वर्षांत जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या आणि आणखी सवलती द्याव्या लागल्या. पुढे एकाच लाइनवर, एकाच युनियनचं कार्ड खिशात असलेली दोन माणसं शेजारी उभी राहून तेच नट आवळत होती आणि एकाला दुसऱ्याच्या निम्मे पैसे मिळत होते. युनियन आपली आहे हे त्या तरुणाला कशावरून वाटावं? हा भेद बऱ्याच अंशी मोडायला २०२३चा सहा आठवड्यांचा संप करावा लागला. म्हणजे सोळा वर्षं गेली, आणि पेन्शनमधला फरक तर अजूनही शिल्लक आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मी हलका समजत नाही. युनियन वर्गणी भरणाऱ्यांची असते. पुढारी त्यांनी निवडून दिलेला असतो. वर्गणीदाराची नोकरी धोक्यात असताना जो सभासदच नाही त्याच्यासाठी तडजोड करायचा अधिकार त्याला दिला कुणी? वकिलानं आपल्या अशिलाचं बघावं, तसंच हे. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो, कारण युनियन ही वकिली नाही. तिच्या हातात एकच शस्त्र आहे: कामाला लागणारे सगळे हात एकाच वेळी थांबवता येणं. त्यातले तीस-चाळीस टक्के हात बाहेर ठेवले की ते शस्त्र बोथट होतं आणि ज्या वर्गणीदाराच्या नावानं हे केलं त्याचंच नुकसान होतं. वर्गणीदाराशी इमान राखायचं असेल तर त्याला हे तोंडावर सांगावं लागेल, भर गेटसभेत, जिथे शिट्ट्या बसण्याची शक्यता आहे. ते अवघड आहे. मालकासमोर टेबलावर मूठ आपटणं त्या मानानं सोपं.

मग मंदीत मागायचं काय? माझ्या मते पहिली मागणी ही, की काम कमी झालं असेल तर तास वाटून घ्या, माणसं मोजून काढू नका. हे स्वप्नरंजन नाही. १९९३च्या अखेरीस फोक्सवॅगननं सांगितलं की जर्मनीतल्या आपल्या कारखान्यांत सुमारे ३० हजार माणसं जादा आहेत. ईगे मेटाल या युनियननं वाटाघाटी करून आठवडा ३६ तासांवरून २८.८ तासांवर आणला, म्हणजे चार दिवसांचा. त्या बदल्यात दोन वर्षं कुणालाही काढायचं नाही. वर्षाचं उत्पन्न दहा टक्क्यांहून जास्त घटलं, पण वार्षिक बोनस महिन्यांत विभागून महिन्याचा पगार मात्र होता तेवढाच हातात पडेल अशी आखणी केली गेली, कारण घरभाडं आणि कर्जाचा हप्ता महिन्यानं येतो, वर्षानं नाही. वाटाघाटी करणाऱ्याला कामगाराचं घर कसं चालतं हे ठाऊक असलं की असा करार होतो.

२००९ मध्ये जर्मनीचं उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घसरलं आणि तरीही बेरोजगारी फारशी वाढली नाही, ती याच कल्पनेमुळे. तिथे कुर्त्सआर्बाइट नावाची जुनी सोय आहे. तास कमी झाले की बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग, मुलं असतील तर ६७ टक्के, बेरोजगार विम्याच्या निधीतून मिळतो. ऐन भरात सुमारे १५ लाख कामगार या सोयीवर होते. याचं जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण ज्या महिन्यांत कायम कामगार घरी राहून साठ टक्के घेत होते, त्याच महिन्यांत एजन्सीमार्फत लागलेल्या दोन लाखांहून अधिक माणसांना नारळ मिळाला होता. उशीनं आपलं काम चोख केलं होतं.

ईगे मेटालचं मला कौतुक वाटतं ते त्यानंतरच्या वागण्याचं. ‘वाचलो बुवा’ म्हणून ती स्वस्थ बसली नाही. समान काम, समान पगार ही मोहीम तिनं एजन्सी कामगारांसाठी नेटानं चालवली. २०१० मध्ये पोलाद उद्योगात तसा करार मिळवला. २०१२ मध्ये धातू आणि विद्युत उद्योगात एजन्सी कामगारांना टप्प्याटप्प्यानं वाढत नऊ महिन्यांनंतर ५० टक्क्यांपर्यंत जाणारा जादा भत्ता मंजूर करून घेतला. कायम कामगारांच्या वाटाघाटीचं वजन खर्चून त्यांनी हे मिळवलं, ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वर्षानुवर्षं घटत असलेली सभासदसंख्याही त्याच सुमारास पुन्हा वाढायला लागली.

एकाच देशानं दोन संकटांत दोन वेगळी उत्तरं दिली, तेही बघण्यासारखं आहे. स्पेनमध्ये २००८च्या आधी साधारण तिसरा हिस्सा कामगार मुदतीच्या करारावर होता. बांधकामाचा फुगा फुटला आणि मुदती संपत गेल्या. २००७ मध्ये आठ टक्क्यांच्या आसपास असलेली बेरोजगारी २०१३ पर्यंत २६ टक्क्यांच्या वर गेली. तरुण चौकाचौकांत उतरले तेव्हा त्यांचा राग सरकारवर आणि बँकांवर होताच, पण मोठ्या युनियनांनाही त्यांनी जवळ केलं नाही. ते मला त्या युनियनांना मिळालेलं उत्तर वाटतं. २०२० मध्ये महासाथीत मात्र युनियन, मालक आणि सरकार यांनी मिळून तात्पुरत्या कामबंदीची योजना वापरली. सुमारे ३५ लाख कामगार तिच्यावर गेले आणि नोकरीशी नातं न तुटता बहुतेक परतले. तरी पहिल्या काही आठवड्यांत मुदतीच्या करारवाल्यांच्या नोकऱ्या मोठ्या संख्येनं गेल्याच. त्या धड्यावरून २०२१च्या अखेरीस तिघांनी मिळून कायद्यात बदल ठरवला, कायम करार हाच नियम आणि मुदतीचा अपवाद. संसदेत तो १७५ विरुद्ध १७४ मतांनी पास झाला. तेही एका विरोधी सदस्यानं चुकून बाजूनं मत टाकलं म्हणून. इतक्या काठावर वाचलेल्या या कायद्यानंतर दोन वर्षांत मुदतीच्या करारांचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांच्या आसपास आलं.

पगारात किंवा तासांत सवलत द्यायची वेळ आलीच तर ती द्यावी, पण अटी घालून. हिशेबाच्या वह्या उघड्या करा. सवलतीला शेवटची तारीख घाला, नाहीतर दोन वर्षांची तडजोड वीस वर्षं चालते. ती चालू असेपर्यंत भागधारकांना लाभांश नाही आणि वरच्या साहेबांचा बोनस नाही. आणि जो बाहेर गेला, तो कायम असो वा कंत्राटी, भरती पुन्हा सुरू होईल तेव्हा पहिलं बोलावणं त्याला. ही शेवटची अट बहुतेक करारांत नसते. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण काम गेलेल्या माणसाला युनियनशी बांधून ठेवणारा तोच एक धागा असतो.

काम गेलेला माणूस युनियनचा कोण लागतो, हा प्रश्न जुनाच आहे. बेरोजगार म्हणजे संप फोडायला मालकाच्या हाताशी असलेली फौज, असं धरून चालायची सवय आहे. अमेरिकेतला सगळ्यांत मोठा महासंघ तर १९३२ पर्यंत सरकारी बेरोजगार विम्यालाच विरोध करत होता, आणि तोपर्यंत देशातला जवळपास चौथा हिस्सा कामगार बेकार झाला होता. पण १९३४ मध्ये टोलेडो शहरात, इलेक्ट्रिक ऑटो-लाइट या कारखान्याच्या संपात उलटं घडलं. न्यायालयानं गेटवर गर्दी करायला मनाई केली होती आणि संप मोडल्यात जमा होता. तेव्हा तिथल्या बेरोजगारांच्या संघटनेनं ती मनाई झुगारली. ज्यांनी भुकेपोटी ती कामं बळकवावीत अशी अपेक्षा होती, तेच संपकऱ्यांसाठी गेट अडवून उभे राहिले. दहा हजारांचा जमाव झाला, सैनिकांच्या गोळीबारात दोन माणसं गेली, पण जूनमध्ये कंपनीला युनियन मान्य करावी लागली. हे आपोआप झालेलं नव्हतं. बेरोजगारांना संघटित करायचं काम तिथे आधीपासून चालू होतं.

स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांत युनियनशी जोडलेले बेरोजगार विम्याचे निधी आहेत, त्यामुळे नोकरी गेली तरी युनियनशी नातं सुटत नाही. उलट ते त्याच दिवशी सर्वांत जास्त लागतं. स्वीडनमध्ये २००७ साली सरकारनं या निधीची वर्गणी वाढवली तेव्हा युनियनांचे सभासद लगेच झपाट्यानं घटले. हे नातं किती खोल होतं ते त्यावरून कळतं. सगळीकडे अशी व्यवस्था नाही आणि एका रात्रीत उभीही राहणार नाही. पण नोकरी गेल्यावरही वर्षभर नाममात्र वर्गणीवर सभासदत्व चालू ठेवायला कुठल्या कायद्याची वाट बघावी लागते? कंत्राटी कामगारासाठी त्याच्या पगाराच्या प्रमाणात वर्गणी आणि कार्यकारिणीत त्याच्या विभागाची राखीव जागा, हे युनियनच्या घटनेत दुरुस्ती करून होण्यासारखं आहे. त्यासाठी मालकाची सही लागत नाही.

आणि एक काम तर घटनादुरुस्तीच्याही आधी होईल. पुढच्या सहा महिन्यांत आपल्या आवारात कुणाकुणाच्या कराराची मुदत कधी संपते, ती यादी युनियननं व्यवस्थापनाकडे लेखी मागावी. नकार आला तर पाळी सुटताना गेटवर उभं राहून माणसांनाच विचारावं. नाव, विभाग, किती वर्षं काम करतोय, मुदत कधीपर्यंत. कारखाना मोठा असला तरी दोन-तीन संध्याकाळी पुरतील. एकदा ती वही युनियनच्या कपाटात आली, की त्यातली मुदत संपायच्या आत बैठक बोलावता येते, आणि दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या त्या दोन मुलांना ‘विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ असं सांगायची पाळी कुणा सचिवावर येत नाही.